सौ., गं. भा. आणि नुसतं नाव : एका लग्नपत्रिकेचं प्रकरण

‘कै. अमुक व गं. भा. तमुक यांची ज्येष्ठ कन्या’ अशी ओळ असलेला मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना मी १६ एप्रिल २०२३ च्या रविवारी रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘शुद्धलेखन बघून घ्या, उद्या छापायला द्यायचीय.’ शुद्धलेखन कुणीच बघितलं नाही. ‘ज्येष्ठ’ चुकलं होतं, ते शेवटी छापखान्यातल्या मुलानं दुरुस्त केलं. पुढचे नऊ दिवस घरातली सत्तेचाळीस माणसं ‘गं. भा.’ या दोन अक्षरांवर बोलत राहिली.

हे प्रकरण मी लिहून काढलं, कारण असे वाद आता घरोघरी होतात आणि ते नेमके कुठं भरकटतात हे भांडणाच्या वेळी दिसत नाही. नावं देत नाही, नात्यांवर भागतं. लिहून झाल्यावर मोठ्या मामींना, म्हणजे नवरीच्या आईला, वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

घर आणि माणसं

मोठे मामा मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. जयसिंगपुरात त्यांचं शेती औषधांचं दुकान. त्यांना घरी आणताच आलं नाही, त्यामुळे बाकीचे विधीही झाले नाहीत. मामींच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कारण फोडायला कुणी येऊ शकत नव्हतं. त्यांनी त्या स्वतःच काढून डब्यात ठेवल्या. कुंकू लावणं बंद केलं, बारीक काळी टिकली ठेवली. दोन महिन्यांनी दुकान उघडलं, परवाना नावावर करून घेतला आणि गल्ल्यावर बसायला लागल्या. गिऱ्हाइकं ‘वहिनी’ म्हणतात.

धाकटे मामा शेजारच्याच गल्लीत राहतात. दवाखान्याबाहेर अकरा रात्री काढल्या त्या त्यांनी. दुकानावरचं कर्ज, पुतणीचं शिक्षण, मुलगा बघायला जाणं, सगळं त्यांनी आणि धाकट्या मामींनी उरकलं. मोठी मावशी, म्हणजे नवरीची आत्या, पुण्यात असते. तिचा मुलगा बंगळुरूला. नवरी माझी मामेबहीण, मोठ्या मामांची लेक, तिची नोकरी पुण्यात. नवरा मुलगा मिरजेचा. आणि मी ग्रुपचा अॅडमिन. हे पद माझ्याकडे आलं, कारण २०१७ मध्ये ग्रुप काढायची हौस मला होती.

वाद कसा चढला

पहिला मेसेज बंगळुरूच्या मावसभावाचा : ‘२०२३ मध्ये गं. भा.? सीरियसली?’ त्याला वेळही तशीच सापडली होती. त्याच आठवड्यात राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांचं पत्र गाजत होतं. ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आला तसा ‘विधवा’च्या जागी ‘गंगा भागीरथी’ वापरावा का, यावर विचार करा, असं त्यांनी आपल्या खात्याच्या प्रधान सचिवांना कळवलं होतं. टीका झाल्यावर हा फक्त चर्चेसाठीचा प्रस्ताव आहे, निर्णय नाही, असा खुलासाही त्यांनी केला. पण खुलासा फॉरवर्ड होत नसतो. आमच्या ग्रुपवर पत्राचीच बातमी दोनदा पडली. एकदा एका काकांनी टाकली, ‘बघा, सरकारसुद्धा हा सन्मानच मानतं’ म्हणून. एकदा मावसभावानं, ‘बघा, सरकारसुद्धा किती मागं चाललंय’ म्हणून. बातमी तीच, फोटोही तोच.

‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी. ऐकायला पवित्रच शब्द. पण पत्रिकेत तो आला की वाचणाऱ्याला पहिल्यांदा काय कळतं? या बाईचा नवरा नाही. पुरुषाच्या ‘श्री.’ला बायको असली काय, नसली काय, फरक पडत नाही. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ मात्र बाईचं नाव सुरू होण्याआधीच तिच्या घरातली हजेरी घेतात. ‘श्रीमती’ लिहावं तर त्याचीही गंमत आहे. सरकारी कागदावर ती कुठल्याही बाईला चालते, हिंदीत ती विवाहितेला लागते आणि आपल्याकडे पत्रिकेत छापली की लोक पुन्हा तेच समजतात, नवरा गेलेला दिसतोय. मावसभावानं ‘श्रीमती’ सुचवलं तेव्हा एका वहिनीनं नेमकं हेच विचारलं : ‘मग बदललं काय?’ नऊ दिवसांतला हा मला सगळ्यात कामाचा प्रश्न वाटतो. त्याला उत्तर आलं नाही. त्याच मिनिटाला कुणीतरी दत्ताचा फोटो टाकला होता, बहुतेकांचे हात तिकडं जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी मामेबहिणीनं लिहिलं : ‘अक्षरांचं सोडा. माझं कन्यादान आईच करणार.’

इथून विषय पत्रिकेचा राहिला नाही. मोठी मावशी म्हणाली, विधवेनं मंगलकार्यात बसायचं नसतं, शास्त्र आहे. मावसभावानं स्वतःच्या आईलाच सगळ्यांसमोर विचारलं, ‘कुठलं शास्त्र, पान नंबर सांग.’ मग हेरवाड आलं. ते येणारच होतं, कारण हेरवाड आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मावसभावानं बातमीचं कात्रण टाकून लिहिलं, ‘बंगळुरूहून मला दिसतं, जयसिंगपुरातून तुम्हाला दिसत नाही?’ त्यावर एका मामेभावानं जयसिंगपूर महाराजांनीच वडिलांच्या नावानं वसवलंय, याची आठवण करून दिली. ती कुणाच्या बाजूनं होती हे आजतागायत कळलेलं नाही.

हेरवाडचं उदाहरण मोठं आहे, पण इथं ते थोडं आडवं पडलं. तो ठराव बाईवर जबरदस्ती करू नका असं सांगतो. बाईनं अमुक केलंच पाहिजे, असं तो सांगत नाही. आणि मामींवर कुणी जबरदस्ती केलीच नव्हती. बांगड्या त्यांनी स्वतः काढल्या होत्या. ते दुःखातून, सवयीतून की लोकलाजेतून, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पाचव्या दिवशी मी ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे बटण दाबलं. मला वाटलं, थंड होईल. अर्ध्या तासात मावशीचा माझ्या आईला फोन : ‘तुझ्या पोरानं माझं तोंड बंद केलं.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. कायद्यात सुटलो, पण माझ्या आईनं काही मला सोडलं नाही. बटण परत उघडलं.

पण तेवढ्या वेळात मावसभावानं जे ग्रुपवर लिहिता येईना ते फेसबुकवर लिहिलं होतं.

सातवा दिवस

पोस्ट चांगली लिहिलेली होती, हे मान्य करायला हवं. नाव कुणाचंच नव्हतं. ‘जयसिंगपूरची माझी मामी, नवऱ्यामागं खतं-औषधांचं दुकान चालवते, दोनशे शेतकऱ्यांना उधारीचा हिशोब तोंडपाठ सांगते, पण स्वतःच्या लेकीच्या कन्यादानाला बसायला अपात्र.’ शेवटी दोन हात जोडलेले. जयसिंगपुरात शेती औषधांचं दुकान चालवणाऱ्या आणि लेकीचं लग्न ठरलेल्या बायका किती असतील? नाव लपवून काही उपयोग नव्हता.

खाली अनोळखी लोकांची रीघ. एकानं मामींना सावित्रीच्या लेकी म्हटलं. एकानं विचारलं, मग मौलवींना का नाही प्रश्न विचारत? एक बाई म्हणाल्या, माझ्या आईच्या वेळी मला हे धैर्य झालं नाही. एकानं लेखकाला आईबापांचे संस्कार काढून दाखवले. कुणीतरी महर्षी कर्व्यांचा फोटो टाकून १८९३ सालच्या त्यांच्या पुनर्विवाहाची गोष्ट सांगितली, मग त्याखाली वेगळंच भांडण जुंपलं. आमचं लग्न तिथून कधीच निघून गेलं होतं.

ते मामींना कळलं कसं? ग्रुप त्यांनी वर्षभरापूर्वीच म्यूट केला होता. दिवसाला शंभर फुलांचे फोटो येतात म्हणून. फेसबुक त्या बघत नाहीत. सकाळी अकराच्या सुमाराला उसाचं तणनाशक न्यायला एक गिऱ्हाईक आलं. पैसे देता देता म्हणालं, ‘वहिनी, तुमचं फेसबुकवर आलंय. लई चांगलं लिवलंय पोरानं.’ त्यानं मोबाइल पुढं केला. चष्मा घरी होता, म्हणून मग त्यानंच वाचून दाखवलं. दुकानात आणखी दोघं उभे होते.

मामींनी त्याला सुट्टे पैसे परत दिले, शटर अर्धं खाली ओढलं आणि मला फोन लावला.

‘पत्रिका ग्रुपवर कुणी टाकली?’

‘मी, मामी.’

‘मला का नाही दाखवलीस आधी?’

मी म्हणालो, तुम्ही दुकानात असता, म्हटलं त्रास कशाला.

‘एक पान दाखवायला त्रास? आणि सगळ्या जगाला दाखवायला नाही व्हय त्रास?’

त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, ‘मला एकदा विचारायचं होतं की रे. एवढंच.’

दुपारी मिरजेहून व्याह्यांचा धाकट्या मामांना फोन आला. आमचं काहीच म्हणणं नाही, कन्यादानाला कुणीही बसा, पण आमच्या घराचं नाव यात नको. सभ्य फोन होता. असे सभ्य फोनच जास्त घाबरवतात.

कुणाला काय हवं होतं

मावसभावानं संध्याकाळी पोस्ट काढली. नंतरच्या दोन दिवसांत मी एकेकाला फोन केले, काहींना भेटलो. ग्रुपवर वाचलेलं आणि तोंडून ऐकलेलं यांचा मेळच बसेना.

मोठी मावशी ग्रुपवर ‘शास्त्र’ म्हणाली होती. फोनवर ती शास्त्राबद्दल एक वाक्य बोलली नाही. म्हणाली, ‘उद्या पोरीच्या संसारात काही खुट्ट झालं तर लोक वहिनीकडं बोट दाखवतील. आईच बसली होती ना, म्हणतील. तिनं हे आणखी कशाला ओढवून घ्यायचं?’ मला ही भीती पटत नाही, पण ती खोटी नाही. तिनं ती आयुष्यभर बघितलीय. ग्रुपवर मात्र भीती लिहिली तर कमकुवत दिसते, शास्त्र लिहिलं की वजन येतं.

सगळ्यात चुकीचं वाचलं गेलं ते धाकट्या मामांना. नऊ दिवसांत त्यांचा एकच मेसेज : ‘जे ठरेल ते.’ दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीनं लावला. खरं म्हणजे ‘आई बसणार’ याचा अर्थ धाकटे मामा-मामी उठणार, असा होता. दोन वर्षं बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला पाटावरून उठवायचं आणि त्यानं ‘मला वाईट वाटलं’ म्हटलं तर तो प्रतिगामी ठरणार. म्हणून ते गप्प राहिले. त्यांच्या बायकोनं मला हे सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, वर न बघता.

माझं मत तिथं पक्कं झालं. सत्तेचाळीस जण धर्मावर भांडत होते, आणि गाठ बसली होती मानाची. ज्याचा मान जाणार होता त्याला आणि जिच्यावरून वाद होता तिला, दोघांनाही बोलायला ग्रुप ही जागाच नव्हती. बाकी सगळ्यांना मात्र पुरेपूर होती, कारण त्यांचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. आणि गप्प माणसाच्या निळ्या टिकांना आपण आपल्याच बाजूचं मत समजतो. मीही समजलो होतो.

गुरुजी

नृसिंहवाडीचे गुरुजी घरी आले होते, त्यांना मामेबहिणीनं थेट विचारलं. त्यांनी याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायातला श्लोक म्हटला : ‘पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा। कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः॥’ कन्या देण्याचा अधिकार बापाला, तो नसेल तर आजोबांना, मग भावाला, मग कुळातल्या पुरुषाला, मग आईला. आधीचा नसेल तर पुढचा.

मामेबहिणीचे डोळे चमकले. बाप नसताना आईचा नंबर येतो म्हणजे श्लोकातली आई विधवाच झाली की! हे अगदी बरोबर आहे, आणि मावशीच्या ‘शास्त्रा’ला यापेक्षा सरळ उत्तर मिळणं अवघड होतं. पण गुरुजी पुढं शांतपणे म्हणाले, ‘सकुल्य आईच्या आधी येतो हेही बघा. काका आहेत तुम्हाला.’ थोडक्यात, आईला बंदी नाही, पण पाळी काकांची. ‘मंत्र म्हणायला मी आहे,’ ते म्हणाले, ‘बसायचं कुणी ते घरानं ठरवायचं.’

कायद्याला तर या पाटावर कोण बसतं याच्याशी देणंघेणंच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं, दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. पुढं मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं एका खटल्यात कन्यादान हा हिंदू विवाहाचा आवश्यक विधी नाही, असं स्पष्टच म्हटलं. मामेबहिणीनं तो निकाल मला पाठवला, सोबत नुसता हसरा चेहरा.

मामींचं म्हणणं

शेवटी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून विचारलं. उत्तर कुठल्याच बाजूचं निघालं नाही.

कन्यादानाला त्यांना बसायचं नव्हतं. शास्त्रासाठी नव्हे. ‘तिथं बसले तर मला शेजारचा रिकामा पाट दिसणार. मी रडणार, पोरगी रडणार, फोटोत दोघींचे सुजलेले डोळे. आणि भावजींनी एवढं केलंय, तो मान त्यांचाच.’ पत्रिकेत ‘गं. भा.’ नको, ‘श्रीमती’ही नको. ‘नुसतं नाव लिहा. दुकानाच्या पाटीवर आहे तसं.’ आणि मग, जरा थांबून, ‘पाठवणीला ओटी मात्र मी भरणार. माझ्या लेकीची.’

नऊ दिवस, शेकडो मेसेज, आणि ओटीचा शब्द कुणी उच्चारला नव्हता. सवाष्णीनंच भरायची या रीतीत बाईला बाजूला उभं करण्याचा खरा क्षण तोच असतो. कन्यादान वर्षानुवर्षं पुरुषांच्या नावानं होत आलं, तिथं तिची जागा नव्हतीच. ओटी मात्र बायकांची. तिथून बाजूला काढलं की लागतं. हे आम्हा शिकल्यासवरल्या भांडणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही, आणि त्यात बायकाही होत्या.

मामेबहीण मात्र आईवर भडकली. ‘मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले आणि तूच नको म्हणतेस?’ तिचंही चूक म्हणता येत नाही. लग्न तिचं होतं, आपल्याला कुणी द्यावं हे ठरवायचा हक्क तिला आहेच. मग तिनं कन्यादानच नको, असा मुद्दा काढला. मी वस्तू आहे का दान द्यायला? ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीनं पुण्यात लग्न करू, तिथं स्त्री पुरोहित असतात. मामी म्हणाल्या, ‘कर. पण मग आधी काकांना जाऊन सांग.’ ती गेली. तासाभरानं परत आली, काही बोलली नाही, आणि विषय तिथंच संपला. काका-पुतणीत काय बोलणं झालं ते दोघांनीही आजवर सांगितलेलं नाही.

जे झालं ते

पत्रिकेतून एकट्या मामींच्याच नावामागचं काढलं तर ते उघडं पडेल, म्हणून छापखान्यातल्या मुलानं सुचवलं, सगळ्यांचंच काढा. काढलं. लगेच दोन आत्या आणि एक चुलत काकू यांचे फोन : ‘माझं सौ. का काढलं? माझा नवरा धडधाकट आहे.’ शेवटी आईवडिलांच्या ओळीत नुसती नावं, आणि खाली निमंत्रकांच्या यादीत ‘सौ.’ जागच्या जागी. वरची ओळ आणि खालची यादी दोन वेगळ्या घरांची वाटते. मला त्या पत्रिकेत घरचं खरं चित्र दिसतं. तिची एक प्रत माझ्याकडं आहे.

कन्यादानाला धाकटे मामा-मामी बसले. मोठ्या मामी मांडवात पहिल्या रांगेत होत्या, जांभळ्या पैठणीत. मामेबहीण दुपारपर्यंत आईशी तुटक बोलत होती. संध्याकाळी पाठवणीला मामींनी खण, नारळ, तांदूळ घेतले आणि ओटी भरली. हात थरथरत होता, तांदूळ थोडे पायांवर सांडले. धाकट्या मामींनी ताट धरलं होतं. मोठी मावशी त्या वेळी गाडीपाशी उभी राहून बॅगा मोजत होती. दोनदा मोजल्या.

मावसभाऊ लग्नाला आला, पण मामींची माफी मागायला त्याला सहा महिने लागले. तीही त्यानं दिवाळीत समोरासमोर मागितली. मामी म्हणाल्या, ‘लिहिलं होतंस चांगलं.’ मावशीनं लग्नानंतरच्या आठवड्यात ग्रुप सोडला आणि अजून परत आलेली नाही. आईशी रोज बोलते. मी आता पत्रिका, अहवाल, दवाखान्याचा कागद, काहीही ग्रुपवर टाकण्याआधी ज्याचं आहे त्याला फोन करतो. गंमत म्हणजे फोन केल्यावर निम्म्या वेळा टाकायची गरजच उरत नाही.

यंदा मामेबहिणीच्या मुलीचं बारसं झालं. निमंत्रण मोबाइलवर आलं, गुलाबी पाळणा, कोपऱ्यात फुगे. आजी-आजोबांच्या ओळीत दोन्हीकडची चार नावं, कुणाच्याही मागं काही नाही, मिरजेच्या विहीणबाईंच्यासुद्धा. मी तिला विचारलं, मुद्दाम केलंस का? म्हणाली, ‘नाही रे, डिझाइन फुकटातलं होतं. त्यात तेवढी जागाच नव्हती.’